खाजं वाटण्याएवढी गोष्ट

तोंडवलीत आमचं घर अगदी किनाऱ्याला लागून. कितीही वेळा केर काढा, वाळू सापडतेच. उशीखाली, पिठाच्या डब्यात, नवऱ्याच्या कानात! किस्स्यांचंही तसंच आहे बघा. मी काही मुद्दाम गोळा करायला जात नाही. पण रोज तीच चार माणसं एका खोलीत जमली, की ते साठतातच. मग कोणीतरी घरी येतं, चहाचा कप हातात धरतं आणि म्हणतं, "काकी, तो चटईवाल्याचो सांग गो!" झालं. माझा भात करपला म्हणून समजायचं.

यंदाचे सगळे किस्से एकाच खोलीतले. मालवणात बाजाराच्या मागे डॉक्टर मृणालचं फिजिओथेरपी सेंटर आहे. आम्ही त्याला ‘व्यायामाचा दवाखाना’ म्हणतो. जमिनीवर हिरव्या मॅट, भिंतीला पुली, धरून चालायला दोन आडवे दांडे आणि कोपऱ्यात एक निळा बॉल. एवढा मोठा, की पहिल्या दिवशी त्याच्यावर बसायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, मी हात बरा करायला आलेय, सर्कशीत भरती व्हायला नाही!"

मी तिथे पोचले ती एका टोपीमुळे. आमच्याकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत, निवास-न्याहारी. ऐन मे महिन्यात एका पाहुणीची टोपी वाऱ्याने उडाली. मी धरायला धावले, होडीच्या दोरात पाय अडकला आणि आडवी झाले. टोपी सापडली. मनगट मोडलं, खांदा आखडला, सीझन गेला. टोपीवाली जाताना म्हणाली, "काकी, टेक केअर हं!" घेतली केअर!

सकाळच्या बॅचला आम्ही चौघं कायमची. मी. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या फिलोमिना टीचर. सगळा गाव त्यांना फिलूटीचर म्हणतो. कंबर धरलेले सावंतसाहेब, ओरोसला सरकारी कार्यालयात असतात. आणि झटका आलेले बाबलनाना, सोबत त्यांची बायको, आमच्या नानी. नाना-नानी आमच्याच वाडीतली, त्यामुळे येणं-जाणं एकाच रिक्षेतून.

पावसाळ्यात आमची तोंडं अशी झाली होती, की बाहेरच्याला वाटावं आत मयत झालंय. शेवटी मृणालने नियम काढला. "कालपर्यंत जमत नव्हतं ते आज जमलं, की सगळ्यांना सांगायचं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि ज्याला जमलं त्याने खाजं आणायचं."

खाजं म्हणजे आमच्या जत्रेतला खाऊ. बेसनाच्या कांड्या गुळात आणि आल्यात घोळवलेल्या. दात असतील त्याने चावायच्या, नसतील त्याने चघळायच्या.

"पण एक अट," मृणाल म्हणाली. "गोष्ट छोटीच पाहिजे. आणि स्वतःची पाहिजे. मोठ्या गोष्टीची वाट बघत बसलात तर वर्ष संपेल."

* * *

अट पहिल्यांदा मोडली ती सावंतसाहेबांनी. माणूस सोन्यासारखा. पण जन्म फायलीत गेल्यामुळे बोलणंही फायलीसारखं झालंय. घरी मालवणी बोलतात म्हणे, पण समोर कोणी खुर्चीवर बसलेलं दिसलं की लगेच कार्यालय सुरू! मृणाल विचारी, "साहेब, कंबर कशी आहे?" तर म्हणत, "सदर ठिकाणी काल सायंकाळपासून वेदना आढळून आलेल्या नाहीत."

तर एक दिवस साहेब काजूकतलीचा बॉक्स घेऊन हजर. प्रमोशनची ऑर्डर आली होती. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात फिलूटीचरनी हात वर केला. जन्मभर वर्ग गप्प बसवलेला हात तो. आमचे हात हवेतच राहिले.

"अभिनंदन, साहेब. पण ही ऑर्डर आली कुठून?"

"वरून आली."

"मग ती वरच्यांची गोष्ट. तुमची काय?"

साहेब बॉक्सचं झाकण पुन्हा लावायला लागले.

"तुम्हाला मोजे कोण घालतं?"

साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "मंडळी घालतात," म्हणाले.

"मग बसा!"

काजूकतली आम्ही खाल्ली, ती काय परत करणार? पण टाळी एक नाही!

पुढच्या आठवड्यात साहेब दारातूनच खाजं नाचवत आले. आम्ही पायांकडे बघितलं. एका पायात काळा मोजा आणि दुसऱ्यात त्यांच्या मुलीचा, गुलाबी, वर ससा काढलेला.

"सदर मोजे दोन्ही पायांत स्वहस्ते..." साहेबांनी सुरुवात केली आणि मध्येच त्यांचा बांध फुटला. "अरे घातलंय रे! माझे मी वाकान घातलंय!"

त्यांच्या तोंडून मालवणी आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. टाळ्या थांबेनात. फिलूटीचर सशाकडे बघत म्हणाल्या, "आणि रंग?"

"रंग फुडच्या आठवड्यात, टीचर!"

* * *

बाबलनाना म्हणजे आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालणारा माणूस. लग्न असो, घराचा पाया असो, नवी होडी पाण्यात ढकलायची असो, आधी देवाला गाऱ्हाणं. एकाने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. नानांचा आवाज असा, की देवाला एक वेळ ऐकू गेलं नसेल, पण खाडीपलीकडे नक्की जायचं.

भांडायलाही तोच आवाज. नाना आणि नानी रोज भांडायची. चहावरून, माशांवरून, पंखा लावण्यावरून. नानी म्हणतील ते नानांना पसंत नाही, हे ठरलेलं.

मार्चमध्ये नानांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अंग हळूहळू परत यायला लागलं. वाचेतला मात्र एकच शब्द परत आला. व्हय.

"नाना, चाय होई?"

"व्हय."

"मगे नको?"

"व्हय."

"पाय दुकता?"

"व्हय."

"म्हणजे बरां वाटता!"

"व्हय."

एकदा नानी विहिरीवर गेल्या होत्या. वाडीत चटईवाल्याचा टेम्पो आला. नानी परत येऊन बघतात तर पडवीत हा चटयांचा ढीग, आणि चटईवाला अजून उतरवतोच आहे.

"अरे, ह्या काय?"

"आजी, आजोबांनी सगळ्या पसंत केल्या. एकेक दाखवली, प्रत्येकीला व्हय म्हणाले."

नानी कडाडल्या, "एवढ्यो चटयो घेवक आमी काय राजे आसांव? इचार तेंका!"

चटईवाला बिचारा सरळ माणूस. नानांपुढे वाकला आणि अदबीने म्हणाला, "आजोबा, तुम्ही राजे आहात का?"

"व्हय."

"म्हणतायत तर खरं," चटईवाला म्हणाला आणि पुढची चटई काढायला वळला.

हे नानींनीच सेंटरमध्ये सांगितलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो. नानी मात्र हसल्या नाहीत.

"हसा गो, हसा," म्हणाल्या. "माका इचारा. ह्या माणसान जल्मात माझ्या एका गोष्टीक व्हय म्हटल्यान नाय. सार केला तर तिखट, नायतर पाणी. पाटल्यो घातलंय तर कित्याक घातलंस. आणि आता काय पण इचारा, व्हय! माका ह्यो व्हय म्हणणारो नको गो. माझो नाय म्हणणारो घोव होयो माका."

आणि पदर डोळ्यांना लावला. भांडणारा नवराच परत हवा होता त्यांना. नाना आपले खिडकीबाहेर बघत होते.

त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांचा एकच ध्यास, नानांच्या तोंडून एकदा तरी नाय काढायचा. मृणाल म्हणाली, शब्द आत आहेत, फक्त त्यांना वाट सापडत नाहीये, विचारत राहा. मग आम्ही विचारत राहिलो. नाना, समुद्र गोड आसा? व्हय. नाना, बांगडो झाडार लागता? व्हय. नाना, सावंतसाहेब दिसाक राजकुमार आसत? व्हय.

साहेब म्हणाले, "हा प्रश्न वगळू नये, रोज विचारावा."

* * *

मृणाल कोल्हापूरकडची. इथे तिचं कोणी नाही. पावसात पेशंट येईनासे झाले, भाडं मात्र थांबेना. घरून रोज फोन, "बंद कर ते आणि इकडे ये." एका सकाळी फोन ठेवला तो पांढरीफटक पडून.

"बाबा घाट उतरून तळेऱ्याला पोचलेत. दुपारपर्यंत येतील. सेंटर रिकामं बघितलं की मला सामान भरायला लावणार."

मी घरी फोन लावला. आमचे तांडेल, म्हणजे माझा नवरा. होडीवर ते तांडेल, तिथले कप्तान, म्हणून घरातही सगळे तांडेलच म्हणतात. (हुकूम माझा चालतो, ती गोष्ट वेगळी.) पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यांचे खलाशी पत्ते खेळत बसलेले. मी म्हटलं, "सगळ्यांका भरा आणि घेवन या!"

मृणालचे वडील आले तेव्हा सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक मॅटवर एक काळाकभिन्न खलाशी, कोणाच्या गुडघ्याला पट्टा, कोणाच्या डोक्याला. एक पुलीला लोंबकळत होता. एक बॉलवर पालथा पडून विव्हळत होता, आणि तो विव्हळत होता खरोखरच, कारण त्याला उतरता येत नव्हतं.

वडील उंचेपुरे, मिशा दांडग्या. दारात छत्री मिटली, खोलीवरून नजर फिरवली. चेहरा बदलला. "बराच राबता आहे की," म्हणाले. मृणालचा जीव भांड्यात पडला.

मग ते कौतुकाने एका मॅटपाशी वाकले. सगळ्यात धिप्पाड खलाशी होता तो. "तुम्हाला काय त्रास होतोय?"

"काय नाय ओ," खलाशी म्हणाला. "तांडेलान निजाक सांगल्यान."

मृणालने डोळे मिटून घेतले. वडिलांच्या मिशा थरथरल्या. आणि मग माणूस असा हसला, असा हसला, की मान धरून खालीच बसला. घाटाच्या वळणांनी आधीच अवघडलेली मान, हसताना पार लचकली.

"बाबा, झोपा इथे, मी बघते," मृणाल धावली. "एक मॅट रिकामी करा बघू!"

एकही माणूस उठेना. तांडेलांनी अजून उठायला सांगितलं नव्हतं ना!

दुसऱ्या दिवशी वडील मान सरळ करून घेऊन एकटेच परत गेले. मृणालने आम्हाला खाजं दिलं. "आज कोणी मला घरी नेलं नाही," म्हणाली. फिलूटीचरनी लगेच पास केलं.

* * *

आता माझा किस्सा. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, त्यामुळे वेणी घालता येईना. मुलगी म्हणाली, केस काप. मी म्हटलं, मेले तरी नाही. शेवटी तांडेल म्हणाले, "माका दी. जन्मभर जाळी विणलंय, तीन पेडांचा काय ता!"

पहिल्या दिवशी वेणी एवढी आवळली, की माझ्या भुवया वर गेल्या त्या संध्याकाळपर्यंत खाली आल्या नाहीत. घरी उतरलेले पाहुणे हळूच विचारत होते, काकींना कसला धक्का बसलाय का?

पुढे हात सुधारला त्यांचा. पण नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात जायला लागल्या आणि सकाळची घाई सुरू झाली. एक दिवस घाईघाईत वेणीच्या टोकाला गाठ मारून गेले. मी ती सोडायला गेले तर सुटेना. सेंटरमध्ये मृणालने हात लावून बघितला. फिलूटीचरनी पर्समधली सुई काढली. सावंतसाहेब लांबून निरीक्षण करून म्हणाले, "सदर गाठीबाबत वरिष्ठांचे मार्गदर्शन घ्यावे."

वरिष्ठांना फोन लावला. ते जेटीवर मासे उतरवत होते.

"ओढू नको हां!" तिकडून ओरडले. "ओढलंस तर आणखी घट्ट जातली. ती वादळातली गाठ हा. होडयेक मारतत ती!"

"माझ्या डोक्यात खंयचा वादळ इला ओ?"

"ता माका इचारू नको," म्हणाले आणि फोन ठेवला.

खोलीभर हशा! टीचर तर सुई हातात धरूनच हसत होत्या.

दिवाळीआधी एका सकाळी हात आपोआप मागे गेला. वेणी आली वाकडी, अर्धे केस बाहेर. पण माझी मी घातली होती हो! आरशासमोर उभी राहून रडले मी, खोटं कशाला सांगू? खाजं घेऊन निघाले तर तांडेल दारात उभे, तोंड एवढंसं. "मगे आता सकाळी माका काय काम?"

म्हणून रविवारची वेणी अजून त्यांच्याकडेच आहे.

* * *

फिलूटीचरच्या गुडघ्यांचा किस्सा त्यांच्यासमोर सांगायचा नाही, पण त्या आत्ता गोव्याला भाचीकडे गेल्यात.

मृणालने त्यांना व्यायाम दिला. उताणं झोपायचं, पाय सरळ वर उचलायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. असं दहा वेळा. टीचर म्हणाल्या, आकडे मोजण्यात वर्षं गेली, आता देवाचं नाव घेत करते. आणि पाय वर धरून कोकणीतून प्रार्थना म्हणायला लागल्या. एका पायउचलीला एक अख्खी प्रार्थना! घाई नाही, शब्द खाणं नाही, वर्गात म्हणावी तशी स्पष्ट. पाच आकड्यांच्या जागी पाय तिप्पट वेळ हवेत. तपासणीला गेल्या तेव्हा ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर एवढी ताकद कशी आली?

हे ऐकून सावंतसाहेबांना चेव आला. तेही उताणे झाले, पाय उचलला आणि आपलं स्तोत्र सुरू केलं. पण त्यांचं स्तोत्र भलतंच लांब! निम्म्यावर पाय लटपटायला लागला. साहेबांनी वेग वाढवला. शब्दांवर शब्द चढले, घाम फुटला आणि पाय धाडकन खाली आला.

टीचर बाजूच्या मॅटवरून, पाय हवेतच ठेवून म्हणाल्या, "साहेब, तुमचा देव चांगला आहे. तुम्ही धडा मोठा निवडलात."

* * *

मध्ये निवडणूक झाली. कोणती ते सोडा, तिन्ही बाजूंची माणसं आपलीच. प्रचाराला पहिले आले, "नाना, मत आमकाच मां?" व्हय. दुसरे आले. व्हय. तिसरे आले. व्हय. तिघेही खुशीत पायऱ्या उतरले.

निकालानंतर जिंकलेला आला, हार घालून गेला. त्याच्या पाठोपाठ पार आपटलेला उमेदवार आला. पडवीत बसला, नानांचा हात हातात घेतला.

"नाना, सगळ्या वाडीन फसवल्यान. तुमी तरी माझ्यावांगडा होतास!"

"व्हय," नाना म्हणाले.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो! नानी आणि मी शेजारीच होतो, आमच्याकडे वळून म्हणाला, "शब्दाक जागणारी माणसा अजून आसत."

नानी आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी मागे गेले तर चुलीपाशी बसून होत्या. मला वाटलं हसतायत. "सुनंदा," म्हणाल्या, "माका वाटलेला, ह्या उमेदवाराक बघून तरी आमचो घोव नाय म्हणतलो. लय राग होतो गो तेका तेचो." मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

* * *

डिसेंबरात मृणालने जाहीर केलं, "मी परवा काकींकडे माशाचे काटे स्वतः काढून जेवले. एकही लागला नाही!" आणि खाज्याची पुडी पुढे केली. घाटावरची पोर ती, इथे आली तेव्हा आमटीतलं खोबरंसुद्धा तपासून खायची. टाळ्या वाजणार, तेवढ्यात आमचे तांडेल, मला न्यायला आलेले, दारातून म्हणाले, "काटे लागतले खंयसून? सुनंदान तुका सुरमय वाढलेली."

सुरमईला मधला एक काटा, संपलं! मी तांडेलांकडे असं बघितलं, की ते रिक्षेत जाऊन बसले. काय करू? पोरीने एवढ्या उमेदीने ताट पुढे ओढलं होतं, तिला पहिल्याच घासाला पेडव्यांच्या बारीक काट्यांत कशी ढकलू?

फिलूटीचरनी खाजं जप्त केलं. "नापास," म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पेडवे. आणि काकींनी बाजूला बसायचं नाही!"

* * *

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे जमलो, तांडेलही आले. व्यायाम नाही, नुसतं खाणं. टीचरनी नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे गोड करंज्या आणल्या, मी घावणे. मृणाल म्हणाली, प्रत्येकाने यंदाची आपली एक छोटी गोष्ट सांगायची.

सावंतसाहेबांनी काही न बोलता दोन्ही पाय पुढे केले. मोजे एका रंगाचे होते! टीचर नाताळला चर्चच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढल्या. मी विळीवर अख्खा नारळ खवला. मृणाल म्हणाली, "मी अजून इथे आहे."

नानींची पाळी आली. "आमचा काय नाय," म्हणाल्या. मृणाल म्हणाली, "असं कसं? नाना काठी घेऊन चालतात आता!" नानी म्हणाल्या, "चालतत. पण खंय जावचा ता इचारला की, व्हय!" आणि हसायला गेल्या, पण ते हसू काही नीट आलं नाही. आम्ही सगळे नानांकडे बघायला लागलो. ते नेवरी खात होते.

टीचर उठल्या. "वर्ष असं तोंड पाडून संपवायचं नाही. गाऱ्हाणं झालं पाहिजे." आता नानांच्या देखत घालणार कोण? सगळ्यांनी तांडेलांना पुढे ढकललं. त्यांना गाऱ्हाणं येतं ते फक्त समुद्राचं, नारळ सोडतानाचं. पण हात जोडून उभे राहिले बिचारे.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरा वरसभर पडली, धडपडली, आणि आज आपापल्या पायार हय इली..."

"व्हय म्हाराजा!"

नानाही आपलं ‘व्हय’ म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने! वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा तो शब्द बरोबर जागी पडत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तांडेलांना जोर चढला.

"ह्या साहेबाची कंबर सरळ ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"टीचराचे गुडघे लोखंडाचे होवंदे! ह्या डॉक्टरनीच्या दारात माणसा येवंदेत, पण बरी होवन जावंदेत!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि म्हाराजा, ही नानी. वरसभर हिणा ह्या माणसाक हातान भरवल्यान, न्हाणल्यान, कधी कपाळाक आठी घातल्यान नाय. तिची सेवा तुझ्या पायाशी रुजू करून घी. आणि फुडच्या सात जल्मी तिका होच घोव गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"नाय!"

तांडेलांचे हात जोडलेलेच राहिले. मृणालच्या हातातला कप कलला. सगळ्यांनी वळून बघितलं. नाना काठी टेकून उभे राहायला बघत होते, तोंड लालबुंद.

नानी पुढे झाल्या. "काय म्हणालास?"

"नाय!"

"सात जल्मी मी नको तुका?"

"नाय! नाय!"

"कित्याक नको?" नानींनी कमरेला हात लावले. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं आणि आवाज चढलेला. "काय कमी केलंय रे मी तुका, मेल्या? सांग मगे! आज सगळ्यांसमोर सांग!"

नानांनी काठी आपटली. "नाय! नाय! नाय!"

सावंतसाहेबांनी हळूच विचारलं, "सदर नकार नेमका कशास आहे?"

"बाहेर चला, साहेब," टीचर म्हणाल्या आणि त्यांना दंडाला धरून घेऊन गेल्या.

आम्ही सगळेच बाहेर आलो, मृणालने हळूच दार ओढून घेतलं. तिचे डोळे भरलेले, माझेही. आत नुसता कल्लोळ चालला होता. नाक्यावरचा रिक्षावाला धावत आला.

"कोणाचा भांडाण लागलाहा? सोडवूक जाव काय?"

"खबरदार," फिलूटीचर म्हणाल्या, "सोडवलंस तर!"